एरेसुंड पूल: ट्रेन की बस?

गोव्यात झुवारी नदीवर आगशी-कुठ्ठाळी दरम्यान रेल्वेचा पूल वेगळा, रस्त्याचा वेगळा. डेन्मार्कचे कोपनहेगन आणि स्वीडनचे माल्मो जोडणाऱ्या एरेसुंड पुलावर (2000 पासून सुरू, लांबी साधारण 7.8 किमी) दोन्ही एकाच सांगाड्यावर आहेत: वर चार लेनचा रस्ता, खाली दोन रूळ.

म्हणूनच ट्रेनमधून बघणाऱ्यांची निराशा होते. खिडकीपुढून पोलादी तिरके खांब सटासट जातात. मोबाइलचा पॅनोरामा हमखास तुटतो. बर्स्ट मोड (एकापाठोपाठ झटपट फोटो) लावा, काच पुसा, फोन काचेला टेकवा. 204 मीटर उंचीचे मनोरे तर बसमधूनच नीट दिसतात. माल्मोकडे जाताना उजवी बाजू पकडा. तिथे वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे डावीकडे समोरची वाहतूक आडवी येते.

डेन्मार्कहून निघाल्यावर आधी सुमारे 4 किमी समुद्राखालचा बोगदा लागतो, मग कृत्रिम बेट, मग पूल. बोगद्यातच कॅमेरा तयार ठेवा.

एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो, पण मूळ पासपोर्ट जवळ हवाच. वाटेत तपासणी होऊ शकते. भाड्याच्या गाडीचा टोल दोन्ही दिशांना स्वीडनच्या काठावरच भरायचा. पायी किंवा सायकलने जायला बंदी आहे.