पहिली कादंबरी स्वखर्चानं काढताय? मग आधी गिऱ्हाईक शोधा, प्रेसवाला नंतर

जळगावात डीटीपीचं, म्हणजे पुस्तकाची पानं संगणकावर लावायचं काम करतो, त्यामुळे पहिली कादंबरी घेऊन आलेली माणसं सारखी समोर बसतात. रिटायर मास्तर, एसटीतले कंडक्टर, बँकेतल्या ताई, शेती सांभाळून रात्री लिहिणारी पोरं. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, भाऊ किती प्रती छापू? मी उलटं विचारतो की घेणार कोण आहे, नावं सांगा. इथं बहुतेकांची गाडी अडते. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण प्रमोशन आणि पैसा उभा करणं ही दोन वेगळी कामं आहेत असं लोक धरून चालतात आणि तिथंच गणित फसतं. जे पुस्तक घेणार आहेत त्यांच्याच पैशातून ते छापायचं, एवढं जमवलं की कर्ज नको आणि कापसाच्या पैशाला हात लावायलाही नको.

आधी हिशोब. आकडे समजण्यापुरते धरा, तुमच्या प्रेसचं कोटेशन वेगळं येईल. समजा डेमी साइज (कादंबरीचा नेहमीचा आकार), २०८ पानं, म्हणजे १६ पानांचे १३ फॉर्म (एकत्र छापायचे गठ्ठे). ३०० प्रती, छपाई बाइंडिंग धरून प्रतीला ११० रुपये, झाले ३३,०००. टायपिंग, प्रूफ, मुखपृष्ठ मिळून २०,००० धरा. एकूण ५३,०००, म्हणजे एक प्रत तुम्हाला साधारण १७७ ला पडली. आता किंमत ठेवली ३०० आणि वितरकानं मागितलं ५० टक्के कमिशन (मागतात, दचकू नका), तर तुमच्या हातात १५०. प्रत्येक प्रतीमागे २७ रुपये खिशातून, आणि तेही पैसे आलेच तर. तेच पुस्तक तुम्ही स्वतः सवलतीत २२० ला विकलं तर ४३ सुटतात. म्हणून पहिल्या कादंबरीला दुकान आणि वितरक हे नंतरचं बघू, पहिले दोनशे वाचक थेट तुमचे पाहिजेत.

आणि हो, प्रेसवाला म्हणेल हजार काढा, स्वस्त पडेल. खोटं नाही बोलत तो, ऑफसेटला, म्हणजे प्लेट बनवून करायच्या छपाईला, प्लेटचा खर्च एकदाच असतो त्यामुळे प्रती वाढल्या की भाव उतरतो. पण स्वस्तात पडलेल्या सातशे प्रती पलंगाखाली पावसाळ्यात ओल धरून बसल्या की तो भाव कुणाला सांगणार? तीनशेच्या आत असाल तर डिजिटल प्रिंटिंगचं पण कोटेशन घ्या, लागेल तशा पन्नास पन्नास वाढवता येतात.

आता मुख्य काम, प्रकाशनपूर्व नोंदणी. हे काही नवीन फॅड नाही, मराठीत प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तकं विकायची पद्धत जुनी आहे, फक्त तेव्हा मनिऑर्डर होती आता यूपीआय आहे. एक वही किंवा एक्सेल शीट घ्या आणि नावं लिहायला बसा. सोबत शिकलेले, नोकरीतले, सासरचे, माहेरचे, गावातले पण आता बाहेर असलेले. नुसतं 'मित्रमंडळी' असं लिहून चालणार नाही, नाव आणि नंबर पाहिजे. चारशे नावं निघाली तर त्यातली दोनशे घेतील असं धरू नका, कमीच घेतील, म्हणून यादी जितकी मोठी तितकं बरं.

मेसेज ग्रुपवर टाकून बसू नका. ग्रुपवर टाकला की वीस अंगठे, दहा फुलांचे गुच्छ आणि एकाचं "पुस्तक लिखं म्हने भो, मंग एक दे ना!" एवढंच हाती येतं. एकेकाला नावानं पाठवा. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरता येते, पण एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि मग म्हणतात कुणी उत्तरच देत नाही. मेसेज साधारण असा:

"नमस्कार जिभाऊ. माझी पहिली कादंबरी येतेय. बोदवडकडच्या एका जिनिंगात काम करणाऱ्या बाईची गोष्ट आहे, २०८ पानं. छापील किंमत ३००, आत्ता नाव नोंदवलं तर २२०, पोस्टानं हवी असेल तर वर ३०. पैसे या महिन्याच्या ३० तारखेपर्यंत. पुस्तक अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी हातात देतो, नाही दिलं तर पैसे परत. पैसे टाकले की पूर्ण पत्ता आणि पिनकोड इथंच टाका."

बघा, यात 'हृदयस्पर्शी', 'वास्तवाचं दाहक चित्रण' वगैरे काही नाही. गोष्ट कुणाची, किती पैसे, कधी मिळणार, एवढंच. आणि पैसे परत हे वाक्य काढू नका, त्याच्यावरच लोक विश्वास ठेवतात. पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, घरखर्चाच्या खात्यात आले की किराण्यात विरघळतात. शेवटचं प्रूफ हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करायची नाही. युनिकोडमध्ये (मोबाइलवर लिहितो त्या फॉन्टात) टाइप केलेली फाइल प्रेसच्या श्री-लिपी या सॉफ्टवेअरमध्ये नेली की रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, 'सूर्य'चा काहीतरी भलताच प्राणी होतो, त्या दुरुस्तीत आठवडे जातात आणि तिकडे नोंदणी केलेले लोक फोन करायला लागतात. प्रूफ स्वतः वाचू नका, तुमच्या डोळ्याला तुमची चूक दिसत नाही, एखाद्या मराठीच्या मास्तरांना पैसे देऊन वाचायला द्या.

वाचक कुठं आहेत ते ओळखा. खान्देशातला निम्मा खान्देश सुरतला आहे असं आपण गंमतीनं म्हणतो, पण उधना, लिंबायत, डिंडोलीकडं गेलात तर गंमत वाटणार नाही. तिथली मंडळं, कानबाईचा उत्सव, गावाच्या नावाचे ग्रुप, तिथं एक ओळखीचा माणूस धरा आणि त्याला नोंदणीचं काम द्या, दहा प्रतींमागे एक प्रत त्याची. गावाकडची गोष्ट बाहेर राहणाऱ्या माणसाला जास्त लागते. तसंच पुणे, नाशिक, कल्याण. अखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, शाळांना सुट्ट्या असतात किंवा लागायला आलेल्या असतात, पुस्तक त्याच्या आधी काढलं तर घरोघरी हातात देता येतं आणि पोस्टाचा खर्चही वाचतो.

रीलचं म्हणाल तर मुखपृष्ठाचा फोटो आणि मागं बासरी, असलं कुणी बघत नाही. कादंबरीतला एक भांडणाचा संवाद निवडा, अहिराणीत असेल तर फारच छान, चाळीस सेकंदात वाचा, अर्ध्यावर सोडा. पण कुणाला दाखवताय ते बघा, धुळं-अमळनेर-चाळीसगावकडं अहिराणी चालते, यावल-रावेरला लेवा गणबोली, नंदुरबारच्या सातपुड्यात भिली आणि पावरी, सगळ्यांना एकच खान्देशी म्हणून हाकलं की रावेरवाला म्हणणार हे आमचं नाही. जे रील आपोआप चाललंय त्याच्यावरच थोडे पैसे टाकून बूस्ट करा, जळगाव, धुळे, नंदुरबार आणि सुरत एवढाच भाग निवडा. न चाललेल्या रीलला पैसे टाकून काही होत नाही.

ठोक प्रती कोण घेतं? शिक्षक. सेवापूर्तीच्या कार्यक्रमात आलेल्यांना पुस्तक भेट द्यायची पद्धत आपल्याकडं आहे, जूनच्या आधी कोण रिटायर होतंय ते शोधा, पन्नास प्रती एका घरात जातात. पतसंस्था आणि सराफ जाहिरात द्यायला तयार होतात, पण कादंबरीत जाहिरात छापू नका, दिवाळी अंकासारखं दिसतं. त्यांना म्हणावं पन्नास प्रती घ्या आणि 'सप्रेम भेट' चं तुमचं स्टिकर आतल्या पानावर लावा. दुसरं म्हणजे मे २०२५ पासून पोस्टाची 'ज्ञान पोस्ट' सेवा सुरू झालीये, तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर असा सुरू झाला, आणि त्या दरात जाहिराती असलेली पुस्तकं घेत नाहीत. ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) कागदावर २०८ पानांचं डेमी पुस्तक पाकिटासकट ३०० च्या आत बसतं, वजन करून बघा. मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव पुस्तकावर छापलेलं पाहिजे. नेत्यांच्या मदतीबद्दल माझं मत विचाराल तर प्रती विकत घेतल्या तर हसून द्या, प्रकाशनाचा सगळा खर्च अंगावर घेतो म्हणाले तर नको, मग स्टेजवर तुमची कादंबरी कमी आणि त्यांचा बॅनर जास्त.

प्रकाशन समारंभावर पैसा उडवू नका. हॉल, शाल, नारळ, ट्रॉफी, भरीत-भाकरीची पंगत, एवढ्यात शंभर प्रतींची छपाई निघते. त्याऐवजी २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन या दोन दिवसांना कॉलेजं स्थानिक लेखक शोधत असतात. बोलावलं तर जा, आणि आधीच नम्रपणे सांगा की सर सत्कार नको, ग्रंथालयासाठी दहा प्रती घ्या. लाजू नका.

पॅकेजवाल्या प्रकाशन कंपन्यांपासून जरा सांभाळून. पन्नास-साठ हजार घ्यायचे, पंचवीस प्रती द्यायच्या आणि जगभर उपलब्ध म्हणायचं, असले लोक फोन करतात. विचारायचं एवढंच की आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, कुणाच्या नावावर, हक्क कुणाकडे, छापायची फाइल मला मिळणार का. आयएसबीएन आपल्याकडं सरकार फुकट देतं, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडं लेखक स्वतःच्या नावानं ऑनलाइन अर्ज करू शकतो, त्याचे कुणी हजारो मागत असेल तर तिथंच फोन ठेवा. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, तो पण कुणी लावला तर विचारा.

सरकारी पैशाचा एक खरा रस्ता आहे तो म्हणजे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. पहिल्या पुस्तकासाठीच आहे, हस्तलिखित द्यावं लागतं, तपासणी होते, वेळ लागतो. त्यामुळं छापायच्या आधीच याचा विचार करायचा, छापून झाल्यावर उपयोग नाही. छापल्यानंतरचं म्हणजे राज्य वाङ्मय पुरस्कार, त्यात प्रथम प्रकाशन कादंबरीला श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे, आणि पस्तीसच्या आत असाल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार. मिळेल न मिळेल, पण पाठवायच्या प्रती आधीच बाजूला काढून ठेवा. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी पण प्रती पाठवा, यादीत नाव आलं की गावोगावच्या अ, ब, क, ड वर्गाच्या ग्रंथालयांना पुस्तक दाखवायला जोर येतो. जिल्हा ग्रंथोत्सवात एकट्यानं स्टॉल घेऊ नका, चार-पाच लेखक मिळून घ्या, एका पुस्तकाचा स्टॉल बघून लोक पुढं सरकतात.

ईबुकचं थोडक्यात. किंडलवर मराठी चालतं, स्वतः टाकता येतं, टाकायला पैसे नाहीत. ७० टक्के रॉयल्टी भारतात हवी असेल तर अॅमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट योजनेत जावं लागतं आणि मग ९० दिवस ईबुक दुसरीकडं कुठंच ठेवता येत नाही, नाहीतर ३५ टक्के. छापील नोंदणीवाल्यांच्या हातात पुस्तक पोचल्यावरच टाका, आधी टाकलं तर ज्यानं २२० दिले त्याला वाईट वाटतं.

शेवटचं एक काम सगळे विसरतात. स्वतः प्रकाशक झालात म्हणजे १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत स्वखर्चानं एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची सेंट्रल लायब्ररी, चेन्नईची कॉनेमारा लायब्ररी आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथं पाठवायची. म्हणजे ३०० छापताय तर विकायला ३०० नसतात. या चार, पुरस्कारांच्या, यादीच्या, परीक्षणासाठी पेपरवाल्यांच्या, सगळ्या धरून तीसएक प्रती पहिल्याच दिवशी गठ्ठ्यातून वेगळ्या काढा आणि त्याच्यावर पेननं 'विक्रीसाठी नाही' लिहून टाका, नाहीतर पहिला पाहुणा घरी आला की त्याच उचलून दिल्या जातात.