सेप्ट२ ची झाली २ सप्टेंबर

जनुकांच्या माहितीचे माझेच विश्लेषण सहा महिन्यांनी संगणकावर पुन्हा चालवले, तर आकडे जुळेनात. रँडम सीड, म्हणजे संगणकाचे यादृच्छिक आकडे दर वेळी तेच यावेत म्हणून द्यायची सुरुवातीची संख्या, ठरवून दिला नव्हता, तो पक्का केला. फरक कमी झाला, पण गेला नाही.

मग जनुकांची यादी ओळ न् ओळ वाचली. ‘सेप्ट२’ या जनुकाच्या नावाच्या जागी २ सप्टेंबर! ‘मार्च१’ चीही तारीख झालेली. स्प्रेडशीटने फाइल उघडतानाच हा बदल केला होता आणि मी ती तशीच सेव्ह केली होती. ही चूक इतकी पसरली, की २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने शेवटी नावेच बदलली. सेप्ट२ आता ‘सेप्टिन२’ आहे. जुन्या फाइलींना मात्र त्याचा काही उपयोग नाही.

आता मूळ फाइलला मी हात लावत नाही. माहितीची साफसफाई स्क्रिप्टनेच, म्हणजे लिहून ठेवलेल्या कोडनेच करते, जनुकांचा रकाना मजकूर म्हणूनच वाचून घेते आणि वापरलेल्या लायब्ररींच्या, म्हणजे तयार कोडच्या संचांच्या, आवृत्त्या लिहून ठेवते. सगळ्यात मोलाचे म्हणजे, पूर्ण फोल्डर सहकाऱ्याला देते आणि काहीही न समजावता चालवायला सांगते. पहिल्या वेळी तो तिसऱ्याच ओळीवर अडला: फाइलचा पत्ता फक्त माझ्या संगणकावर चालणारा होता. तो दुरुस्त केल्यावर त्याच्याकडेही तेच आकडे आले, शेवटच्या दशांशापर्यंत.