कुत्रा चावल्यावर या चुका टाळा

कुत्रा चावला की पहिली चूक घरातच होते. कुणी जखमेवर चुना लावतं, कुणी हळद दाबतं, कुणी तिखट भरतं. याने रेबीजचा विषाणू मरत नाही, जखम मात्र चिघळते. वाहत्या नळाखाली साबण लावून ती पूर्ण 15 मिनिटं धुवा. रेबीजच्या विषाणूचं आवरण स्निग्ध असतं, ते साबणाने फुटतं. घड्याळ समोर ठेवा, कारण दोन मिनिटांतच आपल्याला पुष्कळ झालं असं वाटतं. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावून जखम उघडी ठेवा आणि तडक दवाखाना गाठा.

“रक्त कुठे आलंय?” म्हणून घरी बसू नका. नुसता ओरखडा उठला तरी लस लागते. रक्त आलं असेल, तर लसीबरोबर सीरमही, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. ते जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. लसीचा परिणाम दिसायला आठवडा-दहा दिवस जातात, तोवरचा बचाव सीरमच करतं. हे स्वतःहून विचारा, कारण नेमकं हेच राहून जातं. पहिल्या दिवशी मिळालं नाही, तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत घेता येतं.

“दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवू, मग बघू” हा हिशेब तर जिवावर बेततो. लस आजच सुरू करायची. दहा दिवसांनी कुत्रा किंवा मांजर धडधाकट असेल, तर पुढचे डोस थांबवायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. माकड चावलं असेल तर हा दहा दिवसांचा नियमच लागू नाही.

पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील या धास्तीने आजही माणसं टाळाटाळ करतात. ती जुनी लस कधीच बंद झाली. आता दंडाच्या त्वचेत 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7 आणि 28व्या दिवशी टोचतात. स्नायूत दिली तर 14वा दिवसही धरतात. लस कुल्ल्यावर घेऊ नका, तिथे ती नीट लागू पडत नाही.

पथ्य काही नाही. गरोदर बाई, तान्हं मूल, काविळीचा रोगी, सगळ्यांना ही लस द्यायचीच.

चावून महिना उलटला असला तरी लस घ्यायला जा. लक्षणं कधीकधी महिन्यांनी दिसतात, आणि एकदा दिसली की वाचवणारा उपचार जवळजवळ नाहीच.