धरणाचं पाणी हिरवं झालंय? शेवाळ विषारी आहे का ते कसं बघायचं

उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे साठा मृतसाठ्याच्याही खाली गेला, की फुगवट्याच्या कडेला पाणी हिरवंगार होतं. वरून पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतंय, आजूबाजूच्या उसाचं खत उतरतंय, म्हणजे नायट्रोजन-फॉस्फरसची चंगळच, त्यात कडक ऊन आणि थांबलेलं पाणी, मग शेवाळ येणारच की. आणि मग व्हॉट्सॲपवर सल्ले सुरू, उकळून प्या, मोरचूद टाका. दोन्ही चूक.

बघायला सकाळी लवकर जा, वाऱ्याने पाण्यावरची हिरवी साय ज्या काठाला लोटलीय तिथे. हातमोजे घाला.

काठी बुडवून वर काढा. लांब तंतू लोंबले तर साधं शेवाळ, बारीक पानं आली तर ॲझोला वगैरे, विषय संपला. ऑइल पेंटसारखा हिरवा थर चिकटला तर मात्र बरणी काढा.

बरणीच्या टेस्टमध्येच सगळे घोळ घालतात, मलाही आधी दरवेळी वेगळाच निकाल यायचा. नुसती वरची घट्ट साय भरून आणली तर काहीच कळत नाही, सगळं हिरवंच दिसतं. सायीच्या जरा खालचं पाणी घ्यायचं, काचेची बरणी पाऊण भरायची, झाकण लावायचं पण करकचून नाही कारण आत गॅस होतो. मग फ्रिजमध्ये रात्रभर, आणि दारातल्या कप्प्यात अजिबात नाही, दार उघडलं की पाणी हलतं आणि टेस्ट वाया. चिठ्ठी लावा बरं का, नाहीतर कुणीतरी पन्हं समजून ग्लासात ओतेल.

सकाळी बरणी न हलवता बघा. हिरवं तळाशी बसलं तर बहुतेक साधं शेवाळ. वर कडं धरलं तर निळं-हिरवं शेवाळ, म्हणजे मायक्रोसिस्टिस आणि त्याचे भाऊबंद, यांच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात म्हणून ते वर येतं. आता हे विष सोडतंय की नाही ते बरणी सांगत नाही, एकाच जातीतलं काही विष बनवतं, काही नाही, आणि क्वचित दुसरं शेवाळही वर तरंगतं. माझं मत पक्कं आहे, वर आलं की विषारी धरून चालायचं. खात्री लॅबमध्येच होते, आणि तिथे मायक्रोसिस्टिनची, म्हणजे या शेवाळाच्या विषाची, तपासणी नाव घेऊन मागा, नेहमीच्या पाणी तपासणीत ती नसते. डब्ल्यूएचओने पिण्याच्या पाण्यासाठी सांगितलेली त्याची मर्यादा लिटरला फक्त 1 मायक्रोग्रॅम आहे.

उकळून हे विष जात नाही, उलट पेशी फुटून आतलं विष पाण्यात उतरतं. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात सुमारे 5 लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका असं सांगावं लागलं होतं, ते लेक इरीतल्या याच शेवाळामुळे. मोरचुदाचं तेच, शेवाळ एकदम मरतं, विष एकदम सुटतं, वर सडताना ऑक्सिजन खातं आणि मासे मरतात.

गुरांना बोअरचं पाणी द्या, कुत्र्यालाही काठावर सोडू नका, पाण्यातून आला की अंग चाटतं आणि विष पोटात जातं. गुरं अडखळायला लागली, हगवण लागली की थेट जनावरांचा डॉक्टर. साय आलेल्या भागातले चिलापी मासे शक्यतो खाऊच नका, निदान आतडी-काळीज तरी काढून टाका. आणि पाणी निवळलं म्हणून लगेच गुरं नेऊ नका, शेवाळ मेल्यावरही विष पाण्यात बरेच दिवस, कधी काही आठवडे टिकतं.