विश्वामित्रीकाठची माती आणि बुरशी: या चुका टाळा

पूर ओसरला की वडोदऱ्यात विश्वामित्री नदीलगतच्या सोसायट्यांत हा संवाद हमखास ऐकू येतो. "काका, काठावरची रोपं पिवळी पडली, खाली पांढरं पांढरं दिसतंय." "बुरशी लागली ताई. चुना टाका, वरून औषध ओता." काकांचा अनुभव मोठा असतो, पण या सल्ल्यात क्रम उलटा झालेला आहे. नदीकाठच्या मातीत बहुतेक वेळा आधी हवा संपते, मुळं गुदमरतात आणि मग मेलेल्या मुळांवर बुरशी येते. ती पंचनाम्याला आलेली असते, गुन्हा दुसऱ्याचाच. म्हणून काठावर काहीही बिघडलं की पहिला प्रश्न हवेचा, दुसरा पाण्याचा आणि बुरशीचा सगळ्यात शेवटी.

एका खड्ड्यावरून सगळ्या काठाचा निकाल

पावागडकडून येणारी विश्वामित्री शहरात शिरते तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना कोतरं, म्हणजे पाण्याने कोरलेल्या घळी असतात. पाण्यालगतची ओली पट्टी, मधला उतार आणि वरचा सपाट भाग या तीन वेगवेगळ्या जमिनी आहेत. खाली दर पुरात नवा गाळ बसतो, उतारावर तो धुऊन जातो आणि वर जुनी, घट्ट झालेली माती असते. तिन्हींचे नमुने मिसळून पिशवीभर माती प्रयोगशाळेत दिली तर येणारा आकडा यांपैकी कुठल्याच जागेचा नसतो. प्रत्येक पट्टीचा नमुना वेगळा घ्या, खोली लिहा आणि कडेची माती खुरप्याने तासून थर बघा. वाळूवर चिकणमाती आणि तिच्यावर पुन्हा वाळू असे थर दिसले तर पाणी चिकणमातीच्या थरावर अडतं. वरून माती भुसभुशीत वाटते आणि खाली मुळं पाण्यात उभी असतात.

मातीचा पोत घरीही कळतो. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घ्या, पाणी भरा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात बसते, मधले बारीक कण तासा-दोन तासांत, चिकणमातीला मात्र दिवसभर किंवा त्याहून जास्त लागतो.

आणि हो, खणण्याआधी नदीतल्या मगरींचं बघा. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी काठाच्या मातीत अंडी घालते आणि पिल्लं पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर येतात. या काळात पाण्यालगत उकराउकर करायचीच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मगरीला संरक्षण आहे, आणि मादी स्वतःही कुणाची वाट बघत बसत नाही.

ओलं म्हणजे निरोगी समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने साधारण दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की आतले जिवाणू आणि मुळं उरलेला ऑक्सिजन संपवतात. आपल्याकडच्या उष्ण मातीत त्याला एक-दोन दिवसही पुरतात. त्यानंतर जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट, मँगनीज आणि लोहाकडे वळतात. लोहाचं रूप बदललं की माती करडी, निळसर होते. बहुतेक बुरशींना हवा लागते, त्यामुळे त्या थरात त्यांचं काम जवळपास थांबतं.

हे डोळ्यांनी वाचता येतं. मातीचं ढेकूळ हाताने फोडा, सुरीने कापू नका, कापल्यावर पृष्ठभाग चोपडला जातो. करड्या मातीत तांबूस ठिपके दिसले तर तिथे पाणी चढतं आणि उतरतं. जुन्या मुळाची बारीक नळी असेल तर तिच्या आतल्या कडेला गंजाचा पातळ थर दिसतो, कारण त्याच वाटेने हवा खाली आली. सगळंच करडं असेल आणि सडक्या अंड्यांचा वास येत असेल तर तिथे खत, चुना, औषध यांतलं काहीच उपयोगाचं नाही. पाण्याला वाट काढून द्या, किंवा अर्जुन, करंज, जांभूळ अशी ओल सोसणारी झाडं लावा.

वासाबद्दल आणखी एक. पहिल्या पावसाचा मातीचा सुगंध म्हणजे बुरशी जोमात आहे, असं सर्रास सांगितलं जातं. त्या गंधातलं जिओस्मिन हे द्रव्य मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू बनवतात. सुगंध छानच, पण त्यावरून बुरशीचं मोजमाप होत नाही.

पांढरं दिसलं की औषध

पालापाचोळा उचलल्यावर खाली दिसणारे पांढरे तंतू बहुतेक वेळा पान कुजवणाऱ्या बुरशीचे असतात. ते पानावर आहेत की जिवंत मुळावर, एवढं आधी पाहा. पानावर असतील तर पुन्हा झाकून ठेवा.

खरी मर अनेकदा फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्मजीवाची असते. माती ओली असूनही रोप मान टाकतं, खोड मातीला टेकतं तिथली साल काळपट होते, नखाने खरवडली की आत तपकिरी डाग दिसतो. गंमत अशी की फायटोफ्थोरा बुरशीच नाही. त्याच्या पेशीभित्तीत सेल्युलोज असतं आणि त्याचे बीजाणू दोन शेपट्यांनी पाण्यात पोहतात, म्हणून तुंबलेलं पाणी त्याला सोयीचं. दुकानदार सहज हातात ठेवतो ते कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक त्याच्यावर चालत नाही. उलट पान कुजवणाऱ्या उपयोगी बुरशी मरतात आणि पुढच्या सरीत औषध नदीत जातं. रोपाभोवतीचा नवा गाळ हाताने बाजूला करा, खोड मोकळं ठेवा, मेलेलं रोप मुळासकट काढा आणि त्याच खड्ड्यात लगेच दुसरं लावू नका.

चुन्याचा सल्ला तर सोडूनच द्या. आपल्याकडची गाळाची माती बहुधा आम्लधर्मी नसतेच. आधी सामू (pH) मोजा.

एका बुरशीकडे मात्र दुर्लक्ष नको. जुन्या शिरीष किंवा बाभळीच्या बुंध्याशी चकाकता, लाकडासारखा कडक गॅनोडर्मा फुटला असेल तर आतली मुळं कुजलेली असू शकतात. अशा झाडाखाली बाक ठेवू नका.

अळंबी नाही, म्हणजे बुरशी नाही?

काठावरच्या अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर यांच्या मुळांत राहणारी मायकोरायझा बुरशी अळंबीच्या रूपात वर येतच नाही. ती मुळाच्या पेशींत शिरते आणि बाहेर इतके बारीक तंतू पसरते की ते साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. ती बघायला मूळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक करून ट्रिपॅन ब्लूने रंगवावं लागतं. ती झाडाला स्फुरद (फॉस्फरस) आणून देते आणि बदल्यात साखर घेते. म्हणून मायकोरायझाची महागडी पावडर टाकून वर मूठभर डीएपी हे स्फुरदाचं खत देणं म्हणजे दोन्हीचे पैसे वाया, कारण स्फुरद आयतं मिळालं की झाड बुरशीला साखर देणं कमी करतं. त्यापेक्षा त्याच काठच्या निरोगी झाडाखालची ओंजळभर माती खड्ड्यात घाला.

नमुना प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून स्कूटरच्या डिकीत तापवणं हाही नेहमीचा प्रकार. बुरशी वाढवून बघायची असेल तर नमुना कागदी किंवा कापडी पिशवीत घ्या आणि लवकर फ्रिजमध्ये ठेवा. प्रयोगशाळेतल्या बशीत पेनिसिलियम, ॲस्परजिलस या बुरशी भरपूर उगवल्या तर हरखू नका. त्यांचे बीजाणू मुबलक असतात म्हणून ते उगवतात, मातीतलं मुख्य काम तेच करतात असं नाही.

नदीतल्या फेसाचंही तसंच. पाण्यात पडलेली पानं कुजवणाऱ्या चार हातांच्या बीजाणूंच्या बुरशी बुरशीतज्ज्ञ सी. टी. इंगोल्ड यांनी १९४२ साली इंग्लंडमधल्या एका ओढ्यात वर्णिल्या आणि हे बीजाणू फेसात अडकतात. पण त्यांना स्वच्छ, खळाळतं पाणी लागतं. शहरातला फेस सांडपाण्याचा. नमुना घ्यायचा तर पावसाळ्यात पावागडच्या बाजूच्या ओढ्यांवर जा.

पावसात वारुळाजवळ उगवणारी अळंबी मोठी चवदार असते, हे खरं. पण शहरातल्या नदीकाठची कुठलीच अळंबी खाऊ नका. ओळख पक्की असली तरीही नको, कारण अळंबी मातीतले जड धातू शोषून साठवते आणि या काठाला शहराचं सांडपाणी मिळतं.