शेजारच्या क्वार्ट्झ सेन्सरची लुडबुड: या चुका टाळा

क्वार्ट्झ सेन्सर म्हणजे इलेक्ट्रोडच्या (धातूच्या पातळ थरांच्या) जोडीमध्ये थरथरणारा क्वार्ट्झ; त्यावर काही चिकटलं की कंपनाची फ्रिक्वेन्सी उतरते. एकाच क्वार्ट्झ पट्टीवर अशा चार-सहा जोड्या बसवल्या की एका सेन्सरवर काही चिकटताच शेजारच्याचीही फ्रिक्वेन्सी हलू लागते. लगेच वाटतं, अंतर वाढवावं. नवी पट्टी करून घेण्यात वेळ आणि पैसा जातो, आणि आकडा मात्र तसाच हलत राहतो, कारण लुडबुडीची वाट वेगळीच असते. ती वाट न शोधता उपाय करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक.

वाट शोधायला पाण्याचा एक थेंब पुरतो. क्रमांक एकची फ्रिक्वेन्सी मोजत राहा आणि दोनच्या इलेक्ट्रोडवर थेंब ठेवा. मग दोनच्या तारा पूर्ण सोडवून तेच पुन्हा करा. तारा सुटल्यावरही एकची फ्रिक्वेन्सी हलत असेल, तर कंपनाची लाट पट्टीतून येते. तारा सोडताच हलणं थांबलं, तर दोष सर्किटमध्ये. थेंब पट्टीच्याच तापमानाचा हवा आणि वर झाकण हवं, नाहीतर बाष्पीभवनाच्या गारव्यालाच तुम्ही लुडबुड समजाल. तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवा: 5 मेगाहर्ट्झच्या सेन्सरची एक बाजू पूर्ण पाण्यात गेली की फ्रिक्वेन्सी साधारण 700 हर्ट्झने उतरते. त्या वेळी शेजारी 7 हर्ट्झने हलला, तर गळती एक टक्का.

लाट पट्टीतून येत असेल, तर इलेक्ट्रोडच्या जाडीकडे बघा. सोन्याच्या वजनाने इलेक्ट्रोडखालच्या भागाची फ्रिक्वेन्सी थोडी खाली येते. त्यामुळे तिथली लाट बाहेरच्या उघड्या क्वार्ट्झमध्ये फार लांब जात नाही, विरून जाते. सोनं फार पातळ असेल तर हा बांध कमजोर पडतो. पण म्हणून जाडच जाड थर चढवणंही चूक: मग त्याच बांधात मुख्य कंपनाजवळचे नको असलेले जोड-कंपही अडकतात आणि स्पेक्ट्रममध्ये (फ्रिक्वेन्सीनुसार कंपनाच्या आलेखात) मुख्य शिखराशेजारी छोटी शिखरं उगवतात. मधलं अंतर मिलिमीटरमध्ये नव्हे, पट्टीच्या जाडीच्या पटीत मोजा. 5 मेगाहर्ट्झची एटी-कट (स्फटिकातून ठरावीक कोनात कापलेली) पट्टी सुमारे 0.33 मिमी जाड असते, 10 ची त्याच्या निम्मी. जमत असेल तर ओव्हरटोनवर (मूळ फ्रिक्वेन्सीच्या साधारण तिप्पट, पाचपट अशा कंपनावर) मोजा, तिथे लाट इलेक्ट्रोडखाली जास्त घट्ट धरली जाते. आणि वरच्या-खालच्या इलेक्ट्रोडची शेपटं एकावर एक येऊ देऊ नका. तिथेही क्वार्ट्झ थरथरतो, आणि हे इलेक्ट्रोडच्या नकाशावर सहज नजरेतून सुटतं.

सगळे सेन्सर हुबेहूब सारखे करण्याचा हट्टही नडतो. फ्रिक्वेन्सी जुळली की दोघांतली देवाणघेवाण सर्वाधिक होते, म्हणून शेजाऱ्यांच्या इलेक्ट्रोडच्या जाडीत मुद्दाम फरक ठेवा. फरक प्रयोगात अपेक्षित घसरणीपेक्षा मोठा हवा. नाहीतर वजन चढता चढता एक सेन्सर दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी ओलांडतो, आणि नेमक्या त्या क्षणी दोन्ही आलेखांत आचका दिसतो.

दोष सर्किटमध्ये निघाला, तर आधी ऑसिलेटर, म्हणजे सेन्सरला कंपत ठेवणारं सर्किट, तपासा. जवळच्या फ्रिक्वेन्सीचे दोन ऑसिलेटर एकाच सप्लायवर, एकाच ग्राउंडवर चालले की एकमेकांना ओढतात, कधी तर एकाच आकड्यावर चिकटून बसतात. प्रत्येकाला जवळच 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या, ग्राउंडच्या तारा वेगळ्या आणा, आणि शक्य असेल तर एका वेळी एकच सेन्सर चालवा. फक्त स्विच मारताच वाचन घेऊ नका. हवेत क्यू (कंपन किती कमी विरतं याचं माप) लाखाच्या घरात असेल, तर कंपन स्थिरावायला काही दहा मिलिसेकंद लागतात. पाण्यात हे फार लवकर होतं.

द्रवात मोजताना आलेख लाटेसारखा वरखाली होऊ लागला, तर शेजाऱ्यावर आरोप करण्याआधी द्रवाची उंची बघा. सेन्सरवरून सरळ वर जाणारी दाबलाट पृष्ठभागावरून परतते. 5 मेगाहर्ट्झला पाण्यात हा खेळ दर 0.15 मिमी उंचीला पुन्हा घडतो, त्यामुळे थोडं पाणी उडालं तरी तो दिसतो. कक्षाचं झाकण किंचित तिरकं ठेवलं की परतणारी लाट विखुरते.

शेवटची चूक वजाबाकीतली. शेजारच्याच सेन्सरला संदर्भ धरून त्याचा बदल वजा केला, तर तापमानाबरोबर गळतीही वजा होते आणि आलेख स्वच्छ दिसतो. पण पाच टक्के गळती असेल, तर खऱ्या सिग्नलचे पाच टक्केही गेलेले असतात. संदर्भ सेन्सर पट्टीच्या दूरच्या टोकाला ठेवा आणि त्याचीही थेंबाची चाचणी करा.