जर्मन विद्यार्थ्यांचे जुने बिअर-मग वाचताना या चुका टाळा

कथिलाचे झाकण आणि अंगावर रंगीत ढाल असलेला जुना मग हाती आला की नवशिक्याचा निष्कर्ष ठरलेला असतो : ही कुणा सरदार घराण्याची निशाणी. बहुतेकदा ती तशी नसते. हायडेलबर्ग, येना, ग्योटिंगेन अशा विद्यापीठांच्या गावी विद्यार्थ्यांची जी मंडळे असत, त्यांपैकी एकाची ती ढाल असते. आणि तिच्यावर एकमेकांत गुंफलेली, शेवटी उद्गारचिन्ह असलेली अक्षरे म्हणजे त्या मंडळाची मोहर, 'त्सिर्केल'.

या त्सिर्केलने मला तीन महिने नाचवले. जुन्या बाजारात घेतलेल्या माझ्या पहिल्या मगावर मला व्ही, सी आणि एफ ही अक्षरे दिसली, ती मी मालकाची आद्याक्षरे समजलो आणि त्या नावाचा विद्यार्थी जुन्या नामावल्यांत शोधत बसलो. अखेर एका म्हाताऱ्या विक्रेत्याने मगाकडे धड न पाहताच सांगितले की ही तीन अक्षरे बहुतेक त्सिर्केलमध्ये असतातच. विवात, क्रेस्कात, फ्लोरेआत, म्हणजे जगो, वाढो, बहरो. त्यांच्यासोबत गुंफलेले मंडळाचे आद्याक्षर तेवढे कामाचे. तेव्हापासून मी बटर पेपरवर मोहर गिरवून घेतो, ओळखीच्या तीन अक्षरांच्या रेघा खोडतो आणि उरलेले अक्षर गाव व मंडळाचे सभासद अंगावर मिरवत त्या पट्ट्याचे रंग यांच्याशी ताडून पाहतो. नुसत्या रंगांवर विसंबू नये, कारण तेच तीन रंग निरनिराळ्या गावांतील मंडळे मिरवीत.

दुसरी चूक मला अधिक खुपते, कारण ती निव्वळ घाईतून होते. झाकणावर 'म्यूलर एस/एल ब्राउन' अशा धर्तीचा मजकूर असला की लोक पहिले नाव मालकाचे धरून मोकळे होतात. एस/एल हे 'आपल्या लाडक्या' या अर्थाच्या जर्मन शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. अर्थात म्यूलरने मग दिला आणि तो ब्राउनचा झाला. अशी देवघेव पुष्कळदा लाइबबुर्श आणि लाइबफुक्स यांच्यात, म्हणजे मंडळातील जुना सभासद आणि त्याने पंखाखाली घेतलेला नवखा यांच्यात होत असे. नावापुढील एक, दोन किंवा तीन फुल्या मृत्यूची खूण नव्हेत. त्या मंडळाच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पदाधिकाऱ्याच्या असतात, आणि कंसात असल्या तर ते पद पूर्वी भूषवलेले असते. मोबाइलचा कॅमेरा रोखून भाषांतर मागणाऱ्यांना यातले सगळे मिळेलच असे नाही.

'डब्ल्यू. एस. ९८/९९' हे हिवाळी सत्र आहे, कारखान्याचा क्रमांक नव्हे.

चार एफ जोडून झालेला क्रूस सहसा व्यायाम मंडळांचा असतो. तो मग विद्यार्थ्यांचा म्हणून विकत घेऊ नये.

फ्राक्टुर या जुन्या जर्मन छापील वळणाच्या लिपीतील लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो. आडनाव विचित्र वाटले तर आधी तिथे पाहावे.

आणि झाकण कृपया घासू नका. कथील मऊ असते, त्यावरचे कोरीवकाम उथळ असते, आणि पॉलिशच्या एका उत्साही दुपारी देणाऱ्याचे नाव पुसले जाते. मी खोलीतला दिवा घालवतो, टॉर्च झाकणाच्या कडेला जवळजवळ आडवी धरतो आणि हातातला मग हळूहळू फिरवतो; पुसट अक्षरांच्या खाचांत सावली साचली की ती वाचता येतात.